वचनाचं कार्ड आणि एजंटचे पैसे

वाचक विचारतात, पाळक उत्तर देतात

प्रश्न: पाळकसाहेब, सप्रेम सलाम. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मी वचनाचं कार्ड उचललं, त्यावर बायबलमधलं यिर्मया 29:11 हे वचन आलं. फेब्रुवारीत जावेच्या घरी उपास-प्रार्थना होती. तिथे बाहेरगावचे एक सुवार्तिक आले होते. त्यांनी माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, “प्रभू म्हणतो, याच वर्षी तू समुद्रापार जाशील.” मुलगा आयटीआय झालेला वेल्डर आहे. आखातातल्या नोकरीसाठी एजंट सहा लाख मागतोय. मिस्टर दोन एकर गहाण टाकायला निघालेत. माझं मन लागत नाही, तर म्हणतात, “वचन मिळालं, प्रकटीकरण झालं, आणखी काय पाहिजे? तुझा विश्वासच कमी.” मला आजवर देवाचा आवाज कधी ऐकू आलेला नाही. देव माणसाशी नेमका बोलतो कसा? (एक बहीण, राहुरी तालुका)

उत्तर: ताई, सलाम. आधी पैशाचं बोलतो, कारण जमीन एकदा गहाण पडली की माझं पुढचं उत्तर वाचून काही उपयोग नाही. परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या एजंटाला उमेदवाराकडून 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. सहा लाख कशाचे, हे त्याच्याकडून लिहून घ्या. नोंदणी क्रमांक मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तो तपासा. क्रमांक द्यायला कां-कूं करत असेल, तर बोलणंच थांबवा.

आता कार्डाकडे वळू. ते वचन फार गोड आहे. “ते संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत.” नगर जिल्ह्यातल्या निम्म्या ख्रिस्ती घरांत ते फ्रेम करून लावलेलं असेल. पण कार्डावर अकरावी ओवी छापतात, तिच्या आधीची दहावी छापत नाहीत. तिच्यात परमेश्वर म्हणतो, बाबेलची 70 वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. हे यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला नेलेल्या यहूदी बंदिवानांना पाठवलेलं पत्र आहे. आहात तिथेच घरं बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं तो कळवतो. ते ऐकणाऱ्यांपैकी प्रौढ माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता. तरीही ते हिताचं वचन होतं. त्यातून पासपोर्टची तारीख काढायची म्हणजे कमाल आहे.

तुमच्या गोष्टीतला दुसरा माणूसही तिथेच भेटतो, एक अध्याय मागे. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, “परमेश्वर म्हणतो, बाबेलला नेलेलं सगळं दोन वर्षांच्या आत परत येईल.” वाक्याची सुरुवात अगदी यिर्मयासारखीच. यिर्मयाने बाबेलच्या ताबेदारीची खूण म्हणून मानेवर जू घेतलं होतं, तेही त्याने काढून मोडून टाकलं. लोकांना काय, दोन वर्षं सत्तरपेक्षा केव्हाही बरी! यिर्मयाचं वागणं मात्र बघण्यासारखं आहे. तो आधी म्हणाला, “आमेन, परमेश्वर असंच करो.” शांतीचं भाकीत करणारा संदेष्टा खरा की खोटा, हे ते घडल्यावर कळतं, एवढं बजावून तो आपल्या वाटेने निघून गेला. पुढचं वचन त्याला नंतर मिळालं. बेचाळिसाव्या अध्यायात तर लोक मिसराला, म्हणजे इजिप्तला, जावं की नाही हे विचारायला येतात आणि उत्तर येतं दहा दिवसांनी. आमच्या सभांमध्ये मात्र माइक हातात आल्यापासून दहा सेकंदांत येतं.

तुमच्याकडे आलेला सुवार्तिक लबाड आहे, असं मी म्हणत नाही. त्याला मी ओळखत नाही. पण त्याचं बोलणं तपासणं म्हणजे अविश्वास नव्हे. पौलाने करिंथकरांना सरळ नियम घालून दिलाय: संदेश देणाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी बोलावं आणि इतरांनी त्याची पारख करावी. थेस्सलनीकाकरांना तो म्हणतो, संदेशांचा धिक्कार करू नका, आणि लगेच पुढे, सगळ्याची पारख करा. तुमच्या जावेच्या घरात पारख कुणी केली? चहा झाला आणि सगळे उठले, असंच ना?

देव कसा बोलतो, याचं ख्रिस्ती उत्तर इब्री लोकांच्या पत्रात पहिल्याच वाक्यात आहे. पूर्वी तो संदेष्ट्यांच्या द्वारे “अंशाअंशांनी व प्रकाराप्रकारांनी” बोलला, आणि शेवटी पुत्राच्या द्वारे बोलला. प्रकार खरोखर पुष्कळ आहेत. योसेफाला स्वप्नात, एलीयाला होरेबवर वारा, भूकंप, अग्नी होऊन गेल्यावर मंद वाणीने, बलामाला तर त्याच्या गाढवीच्या तोंडून. पण आमचं मुख्य म्हणणं असं की देवाला जे सांगायचं होतं ते येशू या माणसाच्या जगण्यात, मरण्यात आणि उठण्यात सांगून झालंय. कॅथलिक असो, आमच्यासारखे प्रोटेस्टंट असोत, यावर आमचं भांडण नाही. बाकी सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं. पेंटेकॉस्टल मंडळी आजच्या भविष्यवाणीला आमच्यापेक्षा जास्त जागा देतात, पण पारखीचा नियम त्यांनाही तोच आहे.

आवाज ऐकू येत नाही म्हणून खंत करू नका. देवाने रात्री हाक मारलेल्या लहानग्या शमुवेलाची गोष्ट संडे स्कूलमध्ये शिकवताना आपण “बोल, तुझा दास ऐकत आहे” इथे थांबतो. पोराला निरोप काय मिळाला, ते कुणी शिकवत नाही. ज्या म्हाताऱ्या एली याजकाने त्याला वाढवलं, त्याच्याच घराचा न्याय होणार, हा निरोप. सकाळी तो सांगायला घाबरत होता. शास्त्रात देवाचा आवाज बहुतेक वेळा असाच येतो, न मागता आणि गैरसोयीचा. आपल्याला हवं तेच सांगणारा आवाज आला, की मी तरी दोनदा विचार करतो.

एक मात्र तुमच्याही विरुद्ध सांगतो. मन अस्वस्थ आहे म्हणजे देव नाही म्हणतोय, हाही घाईचा निष्कर्ष आहे. “मला शांती आहे” किंवा “शांती नाही” यावर आमच्या मंडळ्यांत फार कारभार चालतो. योना देवापासून पळत होता, तेव्हा जहाजाच्या तळाशी गाढ झोपला होता. आणि क्रुसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, तोही पित्याच्या इच्छेत असताना.

तेव्हा मिस्टरांना आणि मुलाला घेऊन तुमच्या पाळकांकडे जा. मंडळीतले दोन वडीलधारे बोलवा, त्यात आखातात राहून आलेला एक तरी असू द्या. कागद टेबलावर ठेवा. प्रेषितांची कृत्ये, पंधरावा अध्याय बघा: यरुशलेमेत पुष्कळ वादविवाद झाला, पेत्र बोलला, याकोब बोलला, मग पत्र लिहिलं की “पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले.” “आणि आम्हांला” असं लिहायला त्यांना लाज वाटली नाही. मुलगा जाऊ नये, असं माझं म्हणणं नाही. कष्टाच्या नोकरीसाठी कितीतरी घरांतली मुलं गेली आहेत. पण जाईल तर नीट कागदांवर जावा, आणि जमीन तशीच राहू दे.

प्रश्न: मी हिंदू आहे, तुमचं मासिक शेजाऱ्यांकडे वाचतो. आमच्या कोकणात देवाला कौल लावतात. पाकळी उजवीकडची पडली की होकार. तुमच्यात असं काही असतं का? (सावंतवाडीहून एक वाचक)

उत्तर: होतं, आणि अधूनमधून डोकं वर काढतं. बायबलमधल्या गिदोनाने रात्री खळ्यात लोकर ठेवली: फक्त लोकर भिजू दे, जमीन कोरडी राहू दे. तसं झालं. मग दुसऱ्या रात्री उलटं मागितलं. पण काय करायचं हे त्याला देवाने आधीच सांगितलं होतं. भीतीपोटी त्याला खात्री हवी होती. येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना दोघांची नावं काढून चिठ्ठ्या टाकल्या, मत्थियाचं नाव निघालं. त्यानंतर पवित्र आत्मा उतरला आणि पुढे नव्या करारात चिठ्ठ्या टाकून कुणी प्रेषितांनी निर्णय घेतलेला दिसत नाही.

चर्चच्या इतिहासात मात्र दिसतो. जर्मनीतल्या हेर्नहूटचे मोरेव्हियन ख्रिस्ती एके काळी लग्नंसुद्धा चिठ्ठीवर ठरवत. पुढे त्यांनीच ती पद्धत सोडली. दिवसाचं वचन चिठ्ठीने काढायची त्यांची प्रथा मात्र टिकली. तशा वचनांची पुस्तिका ते 1731 पासून छापत आले आहेत. वरच्या ताईंच्या कार्डाचे हे दूरचे नातलग. दिवसभर एक वचन मनात घोळवायला ही प्रथा उत्तम, मला ती आवडते. सातबारा गहाण टाकायला मात्र तिचा आधार घेऊ नये.

प्रश्न: वय झालं, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही बारीक अक्षर दिसत नाही. वचन वाचताच येत नाही, मग देव माझ्याशी बोलणार कसा? (एक आजी, वसई)

उत्तर: आजी, ख्रिस्ती लोकांपैकी बहुतेकांनी शतकानुशतकं वचन वाचलं नाही, ऐकलं. विश्वास ऐकण्याने होतो, असं पौलच म्हणतो. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी क्रिस्तपुराण 1616 मध्ये छापलं गेलं, तेव्हा ओवीच्या चालीवर चर्चमध्ये ते वाचून दाखवत आणि लोक बसून ऐकत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून अखेरपर्यंत बायबलच्या भाषांतराला चिकटून राहिल्या, ते बायाबापड्यांना कळावं म्हणूनच. मराठी बायबल आता फोनवर ऐकायलाही मिळतं. नातवाला लावून द्यायला सांगा. सुरुवात मार्कपासून करा. चार शुभवर्तमानांत ते सगळ्यांत लहान, साधारण दीड-दोन तासांत संपतं. आणि आवाज मोठा ठेवा, म्हणजे नातवाच्याही कानावर पडेल.