वाचकांचे प्रश्न : एका रेणूचा चुंबक

प्रश्न : एकच रेणू चुंबकासारखा वागतो आणि पुढे त्यात माहिती साठवता येईल, असे वाचनात आले. लोखंडातले असंख्य अणू एका दिशेला वळले की चुंबक होतो, असे आम्ही शाळेत शिकलो होतो. मग एकट्या रेणूला चुंबक कसे म्हणायचे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपण शाळेत शिकलात ते बरोबरच आहे. लोखंडात शेजारशेजारच्या अणूंमधील इलेक्ट्रॉनांचा एकमेकांना आधार असतो, म्हणून बाहेरचे चुंबकीय क्षेत्र काढून घेतल्यावरही त्यांची दिशा टिकते. हाच तुकडा लहान लहान करत नेला, तर एका मर्यादेनंतर उष्णतेचे धक्के त्याची दिशा सहज उलटवू लागतात आणि त्याची चुंबकीय स्मृती नाहीशी होते. त्यामुळे रेणूच्या मापाच्या वस्तूत अशी स्मृती असेल, अशी अपेक्षाच कोणी ठेवली नव्हती.

ती सापडली मँगनीजच्या बारा आयनांच्या एका संयुगात. पोलंडमधील तादेउश लिस यांनी हे संयुग तयार करून १९८० साली त्याची रचना प्रसिद्ध केली होती. त्याचे चुंबकीय मर्म उलगडायला आणखी दहा-बारा वर्षे जावी लागली. इटलीतील फ्लॉरेन्स येथे रोबेर्ता सेस्सोली, दान्ते गात्तेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवून दिले, की निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या दोन अंशांवर, म्हणजे २ केल्व्हिनला, या रेणूंना एकदा दिशा दिली की ती विरायला महिने लागतात. आणि ही स्मृती शेजारच्या रेणूंच्या आधारावर उभी नसून प्रत्येक रेणूची स्वतःची होती.

यामागचा हिशेब सोपा आहे. रेणूच्या मध्यभागी चार मँगनीज आयन असून त्यांच्याकडे प्रत्येकी तीन एकटे, म्हणजे जोडी न जमलेले, इलेक्ट्रॉन आहेत. त्यांच्याभोवतीच्या कड्यात आठ आयन असून त्यांच्याकडे प्रत्येकी चार आहेत. मधल्या ऑक्सिजन अणूंमार्फत हे दोन गट परस्परविरुद्ध दिशांना वळतात. बाहेरचे बत्तीस वजा आतले बारा, म्हणजे वीस एकट्या इलेक्ट्रॉनांचे एकत्रित चुंबकत्व शिल्लक राहते. पण चुंबकत्व मोठे असणे पुरेसे नाही, त्याला एक ठरलेला अक्षही लागतो. बाहेरच्या आठ आयनांभोवतीची बंधरचना एका दिशेने ताणलेली असते आणि हे ताण जवळपास समांतर असतात, म्हणून संपूर्ण रेणूला ‘वर’ आणि ‘खाली’ अशा दोनच पसंतीच्या दिशा मिळतात.

प्रश्न : मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते. ‘कोऑर्डिनेशन कॉम्प्लेक्स’ हा पाठ मुलांना रुक्ष वाटतो. या पाठाचा आणि रेणूच्या चुंबकत्वाचा नेमका संबंध काय? (एक शिक्षिका, सातारा)

उत्तर : मॅडम, माझ्या मते हा त्या अभ्यासक्रमातला सर्वांत देखणा पाठ आहे, आणि त्याची सुरुवात फळ्यापेक्षा परीक्षानळीने करावी. मोरचुदाच्या फिकट निळ्या द्रावणात अमोनिया टाकत गेलो, की आधी साका बसतो आणि मग तो विरघळून गडद निळाशार रंग येतो. तांब्याचा आयन तोच असतो; बदललेली असते ती त्याला वेढून बसलेली मंडळी. धातूच्या आयनाला इलेक्ट्रॉनांची जोडी देऊन बिलगणाऱ्या या रेणूंना किंवा आयनांना लिगँड म्हणतात, आणि दोन्ही मिळून होते ते कोऑर्डिनेशन कॉम्प्लेक्स, म्हणजेच जटिल संयुग. झुरिकच्या आल्फ्रेड व्हेर्नर यांनी १८९३ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, धातूभोवती लिगँड ठरावीक भूमितीत बसतात हा विचार मांडला आणि त्यासाठी १९१३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जो वेढा रंग ठरवतो, तोच चुंबकत्वही घडवतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे डिस्प्रोसियम हे दुर्मीळ मृदा मूलद्रव्य. त्याच्या आयनाचे चुंबकत्व अक्षाच्या दिशेने पूर्ण उभे असते, तेव्हा त्यातील इलेक्ट्रॉनांचा मेघ भाकरीसारखा चपटा असतो. लिगँडवर ऋण भार असतो आणि इलेक्ट्रॉनांवरही, त्यामुळे कडेने लिगँड बसवले तर ते या मेघाला ढकलतात. भाकरीच्या बरोबर वर आणि खाली बसवले, तर मेघ निर्धास्तपणे त्याच स्थितीत राहतो आणि चुंबकत्वाची दिशा उलटणे अवघड होते. एर्बियमचा मेघ याउलट अक्षाच्या दिशेने लांबट असतो, म्हणून त्याला कडेचे लिगँड मानवतात. रसायनतज्ज्ञ चुंबक ‘शोधत’ न बसता तो ‘रचू’ शकतात, ते या आकारांच्या जाणिवेमुळे. हे चित्र फळ्यावर काढल्यास बारावीच्या मुलांना नक्की कळेल, असा मला भरवसा आहे.

प्रश्न : हे चुंबक इतक्या थंडीतच का चालतात? आपल्याकडे यावर कोणी काम करते का? (एक अभियांत्रिकी विद्यार्थी, पुणे)

उत्तर : ‘वर’ आणि ‘खाली’ या दोन दिशांच्या मध्ये ऊर्जेचा एक घाट असतो, असे समजा. उष्णता मिळाली की चुंबकत्व घाट चढून पलीकडे उतरते, म्हणून घाट जितका उंच तितका चुंबक चांगला, असे सुरुवातीला वाटत होते. परंतु क्वांटम नियमांनुसार घाट न चढता बोगद्यातूनही पलीकडे जाता येते. १९९६ साली बारा मँगनीजच्या त्याच रेणूत हा बोगदा प्रयोगाने स्पष्ट दिसला. लिगँडांची मांडणी आदर्श भूमितीपासून जराशी ढळली तरी बोगदा रुंदावतो, आणि बंधांची कंपने घाट चढायला हातभार लावतात ती वेगळीच.

आपल्याकडच्या कामाचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. पवईच्या आयआयटीत रामस्वामी मुरुगावेल आणि गोपालन राजारामन यांच्या गटांनी २०१६ साली डिस्प्रोसियमचे एक संयुग प्रसिद्ध केले. त्यात आयनाच्या वर आणि खाली फॉस्फरसला जोडलेला एकेक ऑक्सिजन घट्ट बसलेला आहे आणि कंबरेभोवती पाण्याचे पाच रेणू सैलसर बांधलेले आहेत. वर सांगितलेली भाकरीची गोष्ट या रचनेत अगदी चोख उतरली आहे. घाटाची उंची तापमानाच्या भाषेत सुमारे ७३५ केल्व्हिन भरली, तरी चुंबकत्व गोठण्याचे तापमान, म्हणजे ज्याच्या खालीच स्मृती टिकते ते, १२ केल्व्हिनच्या आसपासच राहिले. उंची आणि टिकाऊपणा यांतली ही तफावत म्हणजेच त्या बोगद्यांचा आणि कंपनांचा पुरावा.

त्यानंतर उच्चांक झपाट्याने वाढले. दोन कार्बन-कड्यांच्या मध्ये डिस्प्रोसियम धरून ठेवणाऱ्या संयुगाने २०१७ साली ६० केल्व्हिनपर्यंत आणि त्याच्या भाईबंदाने २०१८ साली ८० केल्व्हिनपर्यंत स्मृती टिकवली. ही दुसरी पायरी महत्त्वाची होती, कारण द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्व्हिनला, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो आणि तो द्रवरूप हेलियमपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. २०२५ साली १०० केल्व्हिनपर्यंतची नोंद झाली. मात्र ही उच्चांकी संयुगे हवा आणि ओलावा यांपासून जपावी लागतात. पवईचे संयुग उघड्या हवेत टिकते, इतकेच नव्हे तर पाणी त्याच्या रचनेचाच भाग आहे. रेणूंचे चुंबक कधी उपकरणात बसवायचे असतील, तर तापमानाच्या आकड्याइतकाच हा गुण मोलाचा ठरेल असे मला वाटते, आणि त्याचे व्हावे तेवढे कौतुक झालेले नाही, याची खंतही वाटते.

प्रश्न : सामान्य माणसाला अशा संयुगांचा आज काही उपयोग आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : माहिती साठवण्यासाठी अजून नाही. पण धातूच्या चुंबकीय जटिल संयुगाशी आपल्यापैकी अनेकांची गाठ इस्पितळात पडते. एमआरआय करताना शिरेतून ‘कॉन्ट्रास्ट’ देतात, त्यात बहुधा गॅडोलिनियमचे संयुग असते. या आयनात सात एकटे इलेक्ट्रॉन असतात आणि त्यांच्यामुळे आसपासच्या पाण्यातील हायड्रोजनचे संकेत बदलून चित्र स्पष्ट उठते. त्याला स्वतःची चुंबकीय स्मृती नसते, आणि या कामासाठी तिची गरजही नाही. मोकळा गॅडोलिनियम विषारी असल्याने त्याला लिगँडने घट्ट धरून ठेवणे हाच या औषधाचा प्राण आहे. साखळीसारख्या लिगँडपेक्षा कड्यासारखा लिगँड त्याला अधिक घट्ट धरतो. मूत्रपिंडे दुबळी असलेल्या रुग्णांच्या शरीरात हे संयुग जास्त काळ राहते आणि आयन सुटण्याची भीती वाढते, म्हणून त्यांच्यासाठी कड्याच्या प्रकाराला पसंती दिली जाते. तेव्हा असा त्रास असेल, तर तपासणीपूर्वी डॉक्टरांना तो अवश्य सांगावा.