हूलिगनचा 'ह' आणि आपलं हुल्लड

प्रश्न असा आहे: मुलीच्या शाळेतून सूचना आली, 'वर्गात हूलिगनिझम खपवून घेतला जाणार नाही.' दुसरीतल्या मुलांना हा शब्द लावावा का, आणि तो आपल्या हुल्लडबाजीवरूनच इंग्रजीत गेला ना?

पहिल्याचं उत्तर: मुळीच लावू नये. हूलिगन टोळीने फिरतो, काचा फोडतो, समोर येईल त्याला बदडतो. १९८५ साली ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानात लिव्हरपूल या फुटबॉल संघाचे समर्थक समोरच्या प्रेक्षकांवर धावून गेले, पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. हूलिगनिझम म्हणजे हे. रशियन कायद्यात तर 'खुलिगान्स्त्वो' नावाचा फौजदारी गुन्हाच आहे. सात वर्षांची पोरं बाकांवर चढून कागदाचे बोळे फेकतात, तो दंगा. फार तर धुडगूस म्हणा. आणि 'पोरांनी नुसतं हूलिगन केलं' हेही हल्ली कानावर येतं. अहो, हूलिगन हा माणूस, कृती नव्हे!

आता हुल्लड. 'ठग इंग्रजीत गेला, लूट गेली, मग हुल्लडही गेलंच असणार' हे मी भर व्याख्यानात ऐकलंय, आणि तेही ठासून सांगितलेलं. पुरावा काय, तर दोन्हीकडे 'हु' आणि 'ल'. पण हूलिगनमधला तो 'ह' मुळात शब्दाचा नाहीच!

हूलिगन हे आयरिश आडनाव. मूळ रूप ओ हुअलाखान. 'ओ' म्हणजे नातू, वंशज. पूर्वजाचं नाव उअलाखान: 'उअलाख' म्हणजे गर्विष्ठ आणि शेवटचा 'आन' लाडाचा, लघुत्व दाखवणारा. म्हणजे हे घराणं कुणा तोऱ्यात चालणाऱ्या छोट्याचं. आयरिशमध्ये 'ओ'पुढे स्वराने सुरू होणारं नाव आलं की मध्ये 'ह' येतो. नुसता सांधा आहे तो, आपल्या संधीसारखा. तो काढला की हुल्लडशी जुळायला उरतं काय?

काही जण 'हूलीज गँग', म्हणजे हूलीची टोळी, हे चुकीचं ऐकून 'हूलिगन' झालं असं लिहितात. तेही मला पटत नाही. १८९८ च्या उन्हाळ्यात लंडनच्या वर्तमानपत्रांत, पोलीस कोर्टाच्या बातम्यांत हा शब्द गाजू लागला. पण त्याआधीच तिथल्या नाट्यगृहांत हूलिगन नावाच्या दांडगट आयरिश कुटुंबावरचं गाणं चालत होतं. आडनाव तयार होतं, कुणी चुकीचं ऐकायची गरजच नव्हती. १८९९ मध्ये क्लॅरेन्स रूक या पत्रकाराने पॅट्रिक हूलिगन नावाच्या दक्षिण लंडनमधल्या गुंडाला शब्दाचा जनक ठरवलं. तो खरा असो वा ऐकीव, आडनाव आयरिशच.

आणि 'ग'? आयरिशमधला घशातून घासत येणारा 'ख' इंग्रजांच्या जिभेला जमेना. कुणी त्याचा 'ह' केला, कुणी 'ग'. म्हणून एकाच घराण्यातले काही आज हूलिहान आहेत आणि काही हूलिगन.