गव्हाचं पान पिवळं पडायचं कोण ठरवतं?

प्रश्न: दाणे भरायला लागले की गव्हाची पानं खालून पिवळी पडत येतात, खत-पाणी वेळेवर देऊनसुद्धा. ती जास्त दिवस हिरवी राहिली तर दाणा अजून चांगला भरेल ना?

उत्तर: वाटतं तसं, पण गव्हात उलट पण होतं. पान पिवळं पडणं हे झाडाच्या जीन्सनीच चालवलेलं काम आहे, पानातलं हरितद्रव्य आणि प्रोटीन तोडून त्यातला नायट्रोजन दाण्याकडे पाठवायचा, सोबत झिंक आणि लोह पण जातं. हे काम लवकर सुरू करणारा एक जीन आहे, नॅम-बी१. २००६ साली त्याचा शोध जाहीर झाला. जंगली एमर गव्हात तो व्यवस्थित चालतो, आपण पेरतो त्या बहुतेक जातींत मात्र निकामी आहे. मग संशोधकांनी गव्हात या जीनचे जे भाऊबंद चालू होते त्यांचं काम पण दाबून बघितलं, तर पानं तीन आठवड्यांहून जास्त हिरवी राहिली, दाणा काही मोठा झाला नाही आणि त्यातलं प्रोटीन, झिंक, लोह ३० टक्क्यांहून जास्त घटलं! मला तरी हा प्रयोग फार आवडतो.

रब्बी ज्वारीची गोष्ट वेगळी, तिथे दाणे भरताना जमिनीत ओलच उरत नाही, म्हणून पानं हिरवी ठेवणारे स्टे-ग्रीन वाण खरंच कामाचे. आणि हो, गव्हाची खालची पानं ओंबी यायच्या आधीच पिवळी पडत असतील तर नायट्रोजन कमी पडतोय का ते आधी बघा.