इनपुट फील्डला 'आदान क्षेत्र' म्हणावं का, आणि 'रिक्त'चं काय

पीएचपीच्या (वेबसाइटचा सर्व्हरवरचा कोड लिहायची भाषा) मराठी नोट्स लिहिणाऱ्या एकाने विचारलंय की फॉर्ममधे माहिती भरायच्या जागेला, म्हणजे 'इनपुट फील्ड'ला, 'आदान क्षेत्र' आणि 'एम्प्टी'ला 'रिक्त' लिहिलं तर चालेल का.

पहिलं तर अजिबात नको. क्षेत्र म्हटलं की आपल्याला पंढरपूर आठवतं नाहीतर सातबारा, आणि सातबाऱ्यावर तर 'क्षेत्र' हा स्वतःच एक रकाना असतो, हेक्टर-आरमधे लिहायचा, मग जमिनीचा ऑनलाइन फॉर्म करताना 'क्षेत्र हे क्षेत्र अनिवार्य आहे' असा मेसेज दाखवणार का? कोणीतरी 'निविष्ठा' सुचवेलच, पण तो शब्द खतं-बियाणंवाल्यांनी कधीच नेलाय. कागदी फॉर्मवर आपण रकानेच भरत आलोय, तेच घ्या. डेटाबेसच्या टेबलात मात्र रकान्याऐवजी सरळ कॉलम लिहा, नाहीतर गोंधळ होईल.

'रिक्त'चं प्रकरण जरा खोल आहे. पीएचपीचं 'एम्प्टी' (काही रिकामं आहे का ते तपासणारी आज्ञा) ज्याला रिकामं म्हणतं त्यात आपल्याकडच्या निदान तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्यात. नावाचा रकाना कोरा सोडून सबमिट केलं तरी सर्व्हरवरच्या पोस्ट ॲरेमधे (फॉर्ममधून आलेल्या माहितीची यादी) त्या रकान्याचं नाव येतं, सोबत मोकळी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर. टिक न केलेला चेकबॉक्स मात्र येतच नाही, डिसेबल केलेल्या रकान्याचंही तेच (रीडओन्ली, म्हणजे दिसतो पण बदलता येत नाही असा, असेल तर येतो, हे पोरं हमखास विसरतात). आणि तिसरं शून्य. 'अपत्यांची संख्या' मधे माणसाने प्रामाणिकपणे इंग्रजी आकड्यातलं शून्य भरलं, तर एम्प्टीच्या लेखी तेही रिकामंच, मग 'कृपया हा रकाना भरा' असं लाल अक्षरात येतं, तो बिचारा परत शून्य टाकतो, परत तेच.

सरकारी कचेरीतल्या कारकुनाला हा फरक बरोबर कळतो. महिन्याच्या अहवालात सांगण्यासारखं काही नसलं तरी तो रकाना कोरा ठेवत नाही, 'निरंक' लिहितो, म्हणजे बघितलंय, काही नाहीये. कोरा ठेवला तर साहेब विचारणार, माहिती भरायची राहिली का म्हणून.

तेव्हा माझं म्हणणं, मोकळ्या स्ट्रिंगला 'कोरा', इसेटने (रकाना आलाय का हे विचारणारी आज्ञा) तपासल्यावर जो सापडत नाही त्याला साधं 'आलाच नाही', शून्याला शून्य. 'एम्प्टी' हे पीएचपीतलं नाव म्हणून तसंच राहू द्या, आणि 'रिक्त' पदांसाठी ठेवा, ती भरपूर आहेत. कोडमधेही याच क्रमाने विचारा: आला का, आला असेल तर ट्रिम करून (मागच्या-पुढच्या स्पेस काढून) कोरा आहे का, मग आकडा तपासा. ट्रिम विसरू नका, नुसती स्पेस दाबलेला रकाना दिसायला कोरा असतो पण एम्प्टी त्याला भरलेला समजतं.

मराठी फॉर्मसाठी अजून एक गोष्ट नोट्समधे टाका. कोणी देवनागरीत ३ टाइप केलं तर एम्प्टीच्या हिशोबाने रकाना भरलेला, पण त्याचं इंटीजर (पूर्णांक) केलं की हातात शून्य येतं, एररही येत नाही, आणि तीन पोरांचा बाप कागदोपत्री निपुत्रिक होतो. आकडे आधी इंग्रजीत बदलून घ्या, तपासणी नंतर.