सागरी कृमींचे ‘स्नायू’, ‘पेशी’ आणि ‘तंतू’

सूक्ष्म सागरी कृमींच्या शरीरात स्नायू कसे घडतात याविषयी मराठीत लिहिताना ‘स्नायू’, ‘पेशी’, ‘स्नायुपेशी’ आणि ‘स्नायुतंतू’ यांपैकी कोणता शब्द कोठे योजावा, असा प्रश्न आहे.

गोंधळाचे मूळ जुने आहे. सुश्रुतसंहितेत ‘पेशी’ या मांसाच्या असून त्या 500 सांगितल्या आहेत, तर ‘स्नायू’ ही शरीर बांधून ठेवणारी बंधने असून ती 900 आहेत. आजच्या मराठीत ‘स्नायू’ मांसाकडे सरकला आणि ‘पेशी’ हे सजीवाच्या मूलघटकाचे नाव झाले. हिंदीने मात्र ‘मांसपेशी’ जुन्या अर्थाने राखली. त्यामुळे हिंदीवरून उतरवलेला मजकूर वाचताना मराठी वाचक स्नायूंऐवजी पेशी मोजू लागतो.

‘स्नायुतंतू’ हा शब्द अधिक जपून वापरावा. पृष्ठवंशी प्राण्यांच्या हाडांना जोडलेल्या स्नायूंमध्ये अनेक पेशी एकमेकींत विलीन होऊन अनेक केंद्रकांचा एक लांब तंतू तयार होतो आणि अशा असंख्य तंतूंचा मिळून एक स्नायू बनतो. मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत हा पसारा नसतो. तेथे स्नायुपेशीत बहुधा एकच केंद्रक असते आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी एक बारीक रेघ ही पुष्कळदा एकच पेशी असते. म्हणून अशा ठिकाणी मी ‘स्नायुपेशी’ पसंत करीन.

क्रियापदाचीही काळजी घ्यावी. स्नायूंच्या घडणीच्या अभ्यासात फॅलॉइडिन हे विषारी अळंबीतून मिळणारे द्रव्य चकाकणारा रंग जोडून वापरतात. ते अ‍ॅक्टिन या स्नायूंतील प्रथिनाच्या धाग्यांना चिकटते आणि सूक्ष्मदर्शकाच्या चित्रात हे धागे चकाकताना दिसतात. धागे तयार होण्यापूर्वीच पेशीचे भवितव्य ठरलेले असू शकते, तेव्हा अशा चित्रांवरून लिहिताना ‘स्नायू निर्माण झाले’ यापेक्षा ‘स्नायू दिसू लागले’ हे अधिक अचूक. एकूण प्रक्रियेला ‘स्नायूंची वाढ’ म्हणू नये, कारण त्यातून व्यायामशाळा डोळ्यांपुढे येते. ‘स्नायूंची घडण’ किंवा ‘स्नायुजनन’ म्हणावे.

दिशेसाठी ‘उभे’ आणि ‘आडवे’ हे शब्द टाळावेत, कारण कृमी मुळात आडवा असतो. शरीराच्या लांबीला समांतर ते ‘अनुदैर्घ्य’ आणि शरीराला वेढणारे ते ‘वर्तुळी’. हा भेद नुसता शाब्दिक नाही: गोलकृमींच्या शरीरभित्तीत केवळ अनुदैर्घ्य स्नायू असतात, अनेक बहुशूकी (अंगावर पुष्कळ राठ केस असलेल्या) वलयी कृमींत वर्तुळी स्नायू अल्प असतात किंवा नसतातच, तर अ‍ॅसील या साध्या शरीररचनेच्या, बहुतांशी सागरी गटातील काही कृमींच्या भ्रूणात वर्तुळी स्नायूच आधी दिसतात.