टेम्सच्या काठाने

प्रश्न : टेम्स नदी म्हटले की लंडनच आठवते. ती उगम कोठे पावते आणि लंडनला पोहोचण्यापूर्वी तिच्या काठी काय पाहावे? (एक वाचक, शिरपूर, जि. धुळे)

उत्तर : आपल्या तापीची लांबी सुमारे ७२४ किलोमीटर, तर टेम्सची सुमारे ३४६, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ग्लॉस्टरशर परगण्यातील केंबल गावाजवळ एका कुरणात तिचा उगम मानला जातो. तेथे फक्त एक दगड आहे आणि उन्हाळ्यात पाणी बहुधा नसतेच. खानदेशातील कोरडी नदीपात्रे पाहिलेल्या माणसाला हे दृश्य परके वाटणार नाही.

पुढे ऑक्सफर्डला ती ‘आयसिस’ या नावानेही ओळखली जाते. रेडिंगनंतर विंडसरचा किल्ला लागतो आणि थोड्याच अंतरावर रनीमीडचे कुरण, जेथे १२१५ मध्ये राजा जॉन याने मॅग्ना कार्टा या सनदेला मान्यता दिली. माझ्या मते संपूर्ण प्रवासात थांबण्याजोगे ठिकाण हेच. तेथे भव्य असे काही नाही, परंतु राजाही कायद्याला बांधील आहे, या विचाराला त्या साध्या गवताळ काठावर लेखी रूप मिळाले.

हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यानंतर टेडिंग्टन येते. समुद्राची भरती-ओहोटी येथपर्यंतच जाणवते. पुढे लंडन, ग्रिनिच आणि १९८२ पासून वापरात असलेला, उत्तर समुद्राकडून उसळणारे पाणी अडवणारा टेम्स बॅरियर. उगमापासून या बॅरियरच्या परिसरापर्यंत काठाने पायवाट आहे. सवड असेल, तर तिचा एखादा टप्पा पायीच चालावा.