निवृत्तांच्या वसाहतीतील गोल्फ मैदान : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वसाहतीच्या ९ होलच्या मैदानावर वर्षातून दोनदा ग्रीनला (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला) भोके पाडतात. पुढचे दोन आठवडे चेंडू उड्या मारत जातो. गवत हिरवेगार असताना हा खटाटोप बंद करता येईल का?

उत्तर : कृपया बंद करू नका. इतर मैदानांवर गर्दी शनिवार-रविवारी होते, नंतर गवताला उसंत मिळते. निवृत्तांच्या वसाहतीत सातही दिवस खेळ चालतो. सततच्या पावलांनी वरची माती दबते, हवा आणि पाणी खाली उतरत नाही, मुळे वरच्या वर राहतात. मेलेल्या देठांचा स्पंजासारखा थरही साचतो. अशी ग्रीन हिरवी दिसते आणि कडक उन्हाच्या पहिल्या आठवड्यात करपते. नवीन होल कापताना निघणारा मातीचा गोळा एकदा निरखून पाहा. स्पंजासारखा थर १२ मिमीपेक्षा जाड असेल, तर भोके पाडण्याला पर्याय नाही.

भोके पाडणाऱ्या यंत्राचे १२ मिमी व्यासाचे पोकळ दाते, ५ सेंमी अंतर आणि ७.५ सेंमी खोली घेतली, तर चौरस मीटरला ४०० भोके पडतात आणि त्यांत सुमारे ३.४ लिटर वाळू मावते. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला १.७ घनमीटर, सांडलवंड धरून २ घनमीटर मागवा. काम नेमके इथेच बिघडते. वाळू ओली असली तर भोकाच्या तोंडाशी अडकते, भोक अर्धेच भरते, कडा ढासळतात आणि खळगा राहतो. तुमचा चेंडू बहुधा त्यामुळेच उडतो. दात्यांनी बाहेर काढलेले मातीचे गोळे आधी उचलून घ्या, कोरडी वाळू पसरा आणि भोके काठोकाठ भरेपर्यंत ब्रशने ढकला. वेळ मात्र गवताच्या ऐन वाढीची हवी : उष्ण हवेतले बर्म्युडा गवत असेल तर उन्हाळा, थंड हवेतले बेंटग्रास असेल तर वसंत किंवा शरद. वाढ थंडावलेल्या काळात केले, तर भोके महिनाभरही बुजत नाहीत.

प्रश्न : काही सभासदांना ग्रीन वेगवान हवी आहे. गवत ३ मिमीवर कापावे का?

उत्तर : एवढ्या वर्दळीत ४ मिमीच्या खाली जाऊ नये. पाते जितके आखूड, तितके मुळांना अन्न कमी. वेग हवाच असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा हलका रोलर फिरवा. वेग मोजायला स्टिम्पमीटर ही ३६ इंची पन्हळ पुरते. सपाट जागी तीन चेंडू एका दिशेने आणि तीन उलट सोडून अंतराची सरासरी काढायची. ८ ते ९ फूट आले तर समाधान मानावे. वेग वाढला की उतारावर होल ठेवता येत नाही. मग तो त्याच दोन-तीन सपाट जागांवर फिरत राहतो आणि सगळी पावले तिथेच पडतात.

प्रश्न : बऱ्याच जणांचा ड्रायव्हरचा (सर्वांत लांब फटक्याच्या काठीचा) फटका आता जेमतेम १५० यार्ड जातो. मैदान लहान कसे करावे?

उत्तर : मैदान आहे तसे राहू द्या, पुढच्या टी (पहिला फटका मारण्याच्या जागा) तयार करा. अमेरिकेतील ‘टी इट फॉरवर्ड’ उपक्रमाच्या (२०११) तक्त्यानुसार १५० यार्डांच्या फटक्याला १८ होलसाठी ३५०० ते ३७०० यार्ड लांबी सुचवली आहे, १२५ यार्डांना २८०० ते ३०००. तुमच्या ९ होलसाठी याच्या निम्मे. लगेच भराव घालू नका. फेअरवेच्या (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्याच्या) सुरुवातीची सपाट जागा आखून एक हंगाम खेळून बघा, जागा पटली की मगच बांधकाम. टी उंचावर बांधलीत तर पायऱ्यांऐवजी १:१२ चा उतार द्या, म्हणजे ३० सेंमी उंचीला ३.६ मीटर. या टींना ‘ज्येष्ठांच्या’ किंवा ‘महिलांच्या’ म्हणू नका, रंग किंवा आकडा द्या. नावामुळे संकोच वाटला की माणसे मागच्या टीवरूनच खेळत राहतात. नव्या टींचे रेटिंगही (अवघडपणाचे अधिकृत मोजमाप) करून घ्या. २०२४ पासून ९ होलचे मैदान ७५० यार्डांचे असले तरी हँडिकॅपसाठी (खेळाडूची कुवत दाखवणाऱ्या आकड्यासाठी) चालते.

प्रश्न : वाकून होलमधून चेंडू काढणे जमत नाही.

उत्तर : २०१९ पासून पटिंग करतानाही (ग्रीनवरून चेंडू होलकडे ढकलतानाही) झेंडा होलमध्येच ठेवता येतो. त्या काठीला चेंडू उचलणारी आकडी बसवून घ्या. पटरने (पटिंगच्या काठीने) आकडी वर ओढली की चेंडू बाहेर येतो.